फॉल्स फ्लोअरखालचा वारा

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना ऐरोली, रबाळे, महापेच्या बाजूला खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात. गच्चीवर पंख्यांच्या रांगा, कडेला डिझेलच्या टाक्या. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात आणि या पट्ट्यात वीज भरवशाची मिळते, म्हणून देशातल्या डेटा सेंटरचा मोठा वाटा इथे एकवटला. आत हजारो सर्व्हर दिवसरात्र तापत असतात. त्यांना थंड ठेवणारी हवा हॉलमध्ये कशी फिरेल, कुठे अडेल, कुठे उलटी वळेल, हे संगणकावर आधी मांडून बघणं हे माझं काम. आमच्यात त्याला नुसतं ‘सीएफडी’ म्हणतात.

मी या कामात आले तेव्हा एका हॉलचं गणित रात्रभर चालायला लावून आम्ही घरी जायचो. आता तेच गणित जीपीयूवर चहा होईस्तोवर संपतं. सेन्सरचं वाचन थेट मॉडेलमध्ये येतं, हवेबरोबर पाण्याचे पाइपही मांडता येतात, आणि मशीन लर्निंगने तयार केलेलं मॉडेल तर विचारल्याबरोबर उत्तर देतं. दर आवृत्तीत नवं काहीतरी असतंच. नव्याने येणारी मुलंमुली विचारतात, यातलं आधी काय शिकायचं? त्यांना तोंडी सांगत आले ते इथे लिहिते. क्रम महत्त्वाचा नाही, सुचेल तसा आहे.

१. मॉडेल उघडण्याआधी कागदावर हिशोब करा

सर्व्हरला दिलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ती उचलून न्यायची असते हवेला. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला साधारण १.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे हवेचं तापमान १० अंशांनी वाढू द्यायचं ठरवलं, तर १ किलोवॅट उष्णता बाहेर काढायला तासाला सुमारे ३०० घनमीटर हवा हवी. १० किलोवॅटच्या रॅकला ३,०००.

आता जमिनीकडे बघा. फरशी उचललेली असते, तिला फॉल्स फ्लोअर म्हणतात. तिच्याखाली पीएसी मशीन थंड हवा सोडतात आणि ती टाइलच्या छिद्रांतून रॅकसमोर वर येते. ६०० मिलिमीटर चौरसाची, २५ टक्के छिद्रं असलेली टाइल नेहमीच्या दाबाला तासाला साधारण ७०० ते १,००० घनमीटर हवा देते. रॅकसमोर अशी एक टाइल. मग उरलेली दोन हजार घनमीटर हवा कुठून येणार? रॅकचे पंखे थांबत नाहीत. समोरून मिळाली नाही तर ते वरून ओढतात, रांगेच्या टोकाकडून ओढतात, मागच्या बाजूने फेकलेली गरम हवा पुन्हा आत घेतात. रॅकच्या तळातले सर्व्हर गार आणि माथ्यावरचे तापलेले, हे चित्र इथूनच सुरू होतं.

हा हिशोब दोन मिनिटांचा आहे. तो जुळत नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर हॉल वाचवणार नाही, आणि जुळत असेल तर सॉफ्टवेअरला खरे प्रश्न विचारता येतात.

२. मशीनच्या जवळच्या टाइलमधून हवा जास्त येते, हे खरं नाही

जुन्या हॉलमध्ये गेलं की हे हमखास दिसतं. सगळ्यात तापणारा रॅक पीएसी युनिटच्या शेजारी ठेवलेला असतो, कारण थंड हवेचं मशीन जवळ आहे. प्रत्यक्षात त्या रॅकसमोरच्या टाइलवर कागदाचा तुकडा ठेवला तर तो जेमतेम हलतो. काही वेळा तर खाली ओढला जातो.

कारण सरळ आहे. पीएसीमधून हवा फॉल्स फ्लोअरखाली जोरात सुटते. जिथे वेग जास्त तिथे स्थिर दाब कमी, आणि टाइलमधून हवा वर ढकलतो तो हाच दाब. जलद एसटी जशी डेपोतून सुटल्यावर लगतच्या थांब्यांवर न थांबता पुढे जाते, तशी ही हवा जवळच्या टाइलखालून निघून जाते. पुढे वेग मंदावतो, दाब वाढतो, आणि लांबच्या टाइलमधून ती भरपूर वर येते. वाटेत केबल ट्रे किंवा चिल्ड वॉटरचा पाइप आडवा असेल तर हिशोब आणखी बदलतो.

हे गणित ज्यांनी जगाला सोपं करून दिलं ते सुहास पाटणकर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी, आयआयटी मुंबईतून १९६४ मध्ये एमटेक, आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्या हाताखाली १९६७ मध्ये पीएचडी. या गुरुशिष्यांनी १९७२ मध्ये मांडलेली ‘सिंपल’ ही पद्धत आजही बहुतेक सीएफडी सॉफ्टवेअरच्या पोटात कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. प्रवाहाच्या गणितातली मोठी अडचण अशी की वेग काढायला दाब माहीत हवा, आणि दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. ‘सिंपल’ आधी दाबाचा अंदाज धरते, त्यावरून वेग काढते, मग हॉल ज्या छोट्या खणांत विभागलेला असतो त्या प्रत्येक खणात जेवढी हवा आत आली तेवढी बाहेर गेली का ते तपासते. नसेल गेली तर त्या तफावतीवरून दाब सुधारते आणि पुन्हा वेग काढते. तफावत नगण्य होईपर्यंत हे चालतं. पाटणकरांचं १९८० चं पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत शिकवलं जातं. ज्या मुलांना हे काम करायचंय त्यांनी ते वाचावंच, सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण घेण्याच्या आधी.

पुढे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी १९८७ मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिथे ‘टाइलफ्लो’ हे सॉफ्टवेअर तयार झालं, खास डेटा सेंटरच्या जमिनीखालच्या हवेसाठी. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००३ च्या निबंधात मांडलेली एक युक्ती मला फार आवडते. टाइल ओलांडताना हवेचा दाब जेवढा पडतो, त्याच्यापुढे वरच्या हॉलमधले दाबाचे फरक अगदी किरकोळ असतात. मग टाइलमधून किती हवा येते हे काढायला वरचा हॉल मांडायचाच कशाला? तिथे सगळीकडे सारखा दाब धरा आणि फक्त जमिनीखालची पोकळी सोडवा. गणित एकदम लहान होतं आणि साध्या संगणकावर बसतं. भौतिकशास्त्र नीट समजलं की काय सोडून द्यायचं तेही समजतं. आजच्या ताकदवान यंत्रांवर सगळंच्या सगळं मांडायचा मोह होतो, तेव्हा मी मुलांना हा निबंध वाचायला देते.

उपायांचंही तसंच. हवा कमी पडते म्हणून आणखी टाइल उघडल्या तर जमिनीखालचा दाब आणखी पडतो आणि सगळ्यांनाच कमी मिळते. आधी भोकं बुजवा. केबलसाठी कापलेल्या जागांना ब्रश लावा, रॅकमधल्या रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनेल लावा. हॉलमध्ये या दोन गोष्टींइतकं स्वस्त दुसरं काही नाही. तरी सगळ्यात जास्त राहून जातात त्या याच.

३. पाटीवरचे वॅट आणि खरे वॅट

सर्व्हरच्या मागच्या पाटीवर लिहिलेली वीज ही त्याच्या पॉवर सप्लायची कमाल मर्यादा असते. तो तेवढी खातो असं नाही. पाटीवरून मॉडेल भरलं तर हॉल कागदावर जळताना दिसतो आणि कुणीतरी गरज नसलेली दोन पीएसी विकत घेतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरच्या तयार नमुन्यांचं मोठं भांडार असतं. त्यात पंख्याचा वेग तापमानाबरोबर कसा बदलतो तेही दिलेलं असतं. ही सोय खरोखर उपयोगी आहे. पण विजेचा आकडा रॅकना वीज वाटणाऱ्या पीडीयूवरून घ्या, मोजलेला, आठवड्याभराचा, आणि त्यातला सगळ्यात जास्त भाराचा तास वापरा.

पंख्यांचं वर्तन मॉडेलमध्ये आल्याने एक जुना वाद मिटवता येतो. हॉल किती गार ठेवायचा? अ‍ॅश्रे या अमेरिकी संस्थेच्या तांत्रिक समितीने २००४ मध्ये पहिली मार्गदर्शिका काढली, तेव्हा सर्व्हरच्या तोंडाशी २० ते २५ अंश सेल्सिअसची शिफारस होती. २००८ मध्ये ती १८ ते २७ झाली. तरी आजही कितीतरी हॉलमध्ये आत गेल्यावर स्वेटर आठवतो. भीती असते, आणि ती मला समजते. रात्री अलार्म वाजला तर शिफ्टवरच्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. पण वाया जाणारा हा गारवा विजेवर उभा आहे, आणि ती वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशातून येते. तो कोळसा चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांजवळच्या लोकांच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. माझ्या दृष्टीने सेटपॉइंट एका अंशाने वर नेणं हे म्हणूनच फार मोठं काम आहे.

ते कुठवर न्यायचं हे मात्र मॉडेलला विचारा. एका मर्यादेनंतर सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरू लागतात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाने वाढते. तोच नियम उलटा धरला तर पीएसीचा पंखा ८० टक्के वेगावर आणल्यावर वीज जवळजवळ निम्मी होते. पाणी गार करणाऱ्या चिलरवर वाचलेलं सर्व्हरच्या पंख्यांत जातं का, हे दोन्ही बाजू एकत्र मांडल्याशिवाय कळत नाही. आणि तापमान मोजा ते सर्व्हरच्या तोंडाशी. पीएसीकडे परत येणाऱ्या हवेचं तापमान पाहून हॉल चालवायची जुनी सवय सोडून द्यायला हवी.

४. मॉडेल आणि सेन्सर जुळले नाहीत तर आधी हॉलमध्ये जा

गेल्या काही वर्षांत आलेल्या सोयींपैकी माझ्या मते सगळ्यात मोलाची ही: इमारतीच्या देखरेख यंत्रणेतलं, म्हणजे बीएमएसमधलं, सेन्सरचं वाचन मॉडेलच्या शेजारी आणून फरकाचा नकाशा काढणं. कुठे मॉडेल खरं बोलतंय आणि कुठे नाही, हे एका नजरेत दिसतं.

एका हॉलमध्ये बाकी सगळीकडे फरक एका अंशाच्या आत होता. फक्त एका रांगेच्या मध्यावर मॉडेल २३ म्हणत होतं आणि सेन्सर २९. खोलीत बसून चर्चा सुरू झाली. खण बारीक करू या, टर्ब्युलन्सचं मॉडेल बदलू या, सेन्सरच बिघडला असेल. मी हॉलमध्ये गेले. तिथे कितीतरी वर्षं शिफ्ट करणारे एक सीनियर टेक्निशियन होते. ते म्हणाले, “मॅडम, सेन्सर बरोबर आहे. इथे पुढून हात लावून बघा.” रॅकच्या पुढच्या बाजूने, थंड हवेच्या गल्लीत म्हणजे कोल्ड आइलमध्ये, गरम हवेचा झोत येत होता. केबल जोडायला सोपं जावं म्हणून नेटवर्क स्विच पोर्ट मागे करून बसवला होता. त्या स्विचची हवा पोर्टच्या बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, म्हणजे तो मागच्या गरम गल्लीतली, हॉट आइलमधली हवा घेऊन ती आणखी तापवून कोल्ड आइलमध्ये टाकत होता. वरच्या सर्व्हरच्या तोंडात तीच जात होती.

“तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“बसवला तेव्हापासून. पण विचारलं कुणी?”

स्विचला पुढून हवा आणणारी एक पत्र्याची नळी बसवली. त्याआधी मॉडेलमध्येही स्विचची दिशा फिरवून पाहिली, तेव्हा ते सेन्सरशी जुळलं होतं. त्या दिवसापासून कुठल्याही हॉलचं काम सुरू करताना मी आधी शिफ्टवरच्या लोकांबरोबर रांगा फिरते आणि त्यांना विचारते, तुम्हाला कुठला रॅक त्रास देतो? मॉडेल जुळवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. गणितातले स्थिरांक फिरवून आकडा जुळवता येतो, पण तसं जुळवलेलं मॉडेल पुढच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देतं, आणि तेही आत्मविश्वासाने.

५. आपोआप पडणारी जाळी

नवी सॉफ्टवेअर खणांची जाळी, म्हणजे मेश, आपोआप पाडतात, बांधकामाच्या बीआयएम मॉडेलमधून भिंती आणि पाइप आपोआप उचलतात. वेळ वाचतो, वापरा. फक्त अरुंद फटी स्वतः बघा. रॅकच्या तळाखालची बोटभर जागा, दोन रॅकमधली चीर, आइल बंदिस्त करणाऱ्या कंटेनमेंटच्या दाराखालची फट. जाळीने ही फट गिळली तर गरम हवेची वाटच मॉडेलमधून नाहीशी होते. एकदा खण बारीक करून पुन्हा चालवा. उत्तर हललं तर पहिलं उत्तर कुणाला देऊ नका. टर्ब्युलन्ससाठी बहुतेक ठिकाणी के-एप्सिलॉन चालतं, लाउंडर आणि त्याच स्पाल्डिंग यांनी १९७४ च्या निबंधात मांडलेलं. हॉलच्या कामाला ते पुरतं. मोठी चूक येते ती बहुधा चुकीच्या टाइलमुळे, चुकीच्या वॅटमुळे.

६. वीज गेल्यावरची मिनिटं

पूर्वी आम्ही फक्त स्थिर अवस्था सोडवायचो: सगळं सुरळीत चालू असताना हॉल कसा असेल. आता वेळेनुसार बदलणारं गणित पेलवतं आणि त्यात नियंत्रणाचं लॉजिकही घालता येतं. पंखा कधी थांबेल, पंप कधी सुरू होईल, चिलर कधी परत येईल.

इथेही आधी कागद. समजा हॉलमध्ये १०० किलोवॅटचा भार आहे आणि ३०० घनमीटर हवा. ती सगळी हवा एका अंशाने तापवायला ३६० किलोज्यूल लागतात, आणि सर्व्हर दर सेकंदाला १०० किलोज्यूल ओतत आहेत. थंडावा पूर्ण थांबला आणि नुसत्या हवेनेच उष्णता झेलली, तर मिनिटाला जवळजवळ १७ अंशांची वाढ. प्रत्यक्षात सर्व्हरचं लोखंड, फरशी, भिंती, पाइपमधलं गार पाणी हे सगळं उष्णता शोषतं, म्हणून वाढ पुष्कळ मंद असते. किती मंद, यावरच सगळं अवलंबून असतं, आणि ते फक्त मॉडेल सांगू शकतं.

सर्व्हर यूपीएसवर चालूच राहतात. डिझेलवरचा डीजी सेट काही सेकंदांत भार घेतो. पण चिलर पुन्हा सुरू होऊन पूर्ण क्षमतेला यायला मिनिटं लागतात. मधल्या काळात पीएसीचे पंखे आणि चिल्ड वॉटरचे पंप यूपीएसवर असतील, आणि टाकीत गार पाण्याचा साठा असेल, तर हॉल टिकतो. नसतील तर उन्हाळ्याच्या दुपारी तो टिकत नाही. मी प्रत्येक अहवालात पहिल्या पानावर एकच आकडा मोठ्या अक्षरात देते: थंडावा गेल्यापासून सगळ्यात तापलेल्या सर्व्हरच्या तोंडाशी ठरवलेली मर्यादा गाठेपर्यंत किती मिनिटं. मालकाला, विम्याच्या माणसाला, शिफ्टवरच्या मुलाला, सगळ्यांना तो कळतो.

कंटेनमेंट लावताना हे गणित पुन्हा करायला विसरू नका. बंदिस्त कोल्ड आइल रोजच्या कामाला उत्तम, पण त्यात गार हवेचा साठा थोडा असतो. पंखे थांबले तर तो झटकन संपतो.

७. गच्चीवर जा

हॉलच्या आत कितीही सुंदर काम करा, उष्णता शेवटी बाहेर टाकायची असते. नवी मुंबईत जमीन महाग, म्हणून डेटा सेंटर उंच होतात आणि गच्चीवर चिलर दाटीने बसतात. एका चिलरने वर फेकलेली गरम हवा वाऱ्याने खाली दाबली जाते आणि शेजारचा चिलर ती आत ओढतो. हवामान खात्याच्या नोंदीत ३६ अंश, आणि रांगेच्या मधल्या चिलरला प्रत्यक्षात मिळते त्याहून कितीतरी गरम हवा. त्यात आवाज कमी करायला किंवा इमारत चांगली दिसायला चहूबाजूंनी उभे केलेले पडदे. डीजी सेटचा धूर हा वेगळा विषय.

१९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदा ४० अंशांपार गेला, कॉनिंग्सबीला ४०.३ नोंदवला गेला. त्याच दिवशी लंडनमधल्या गुगल आणि ओरॅकलच्या डेटा सेंटरमध्ये थंडाव्याच्या यंत्रणा कोलमडल्या आणि काही सेवा बंद ठेवाव्या लागल्या. नव्या इमारतीचं डिझाइन माझ्याकडे येतं तेव्हा मी हा दिवस आठवते. बाहेरचा वारा मांडण्याची सोय आता बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ठिकाणाच्या वाऱ्याच्या दिशा आणि वेग घालून वर्षातल्या वेगवेगळ्या स्थिती तपासता येतात. इथे मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर हे कसोटीचे महिने. पावसाळ्यात तापमान उतरतं पण दमटपणा इतका की पाणी उडवून हवा गार करायच्या पद्धतींचा फायदा आक्रसतो. उत्तर युरोपात बऱ्याच ठिकाणी बाहेरची हवा आत घेऊन भागतं. ते गणित उचलून मुंबईत आणलं तर चालत नाही, हे सल्लागारांना मला अजूनही आकड्यांनी पटवून द्यावं लागतं.

८. पाणी आलं तरी हवा उरतेच

एनव्हिडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेला जीबी२०० एनव्हीएल७२ हा एक रॅक सुमारे १२० किलोवॅटचा आहे, त्यात ७२ जीपीयू. पहिल्या मुद्द्यातला हिशोब इथे लावा: हवा १० अंशांनी तापू दिली तर तासाला ३६,००० घनमीटर. एका रॅकच्या तोंडातून एवढी हवा जाणं शक्य नाही. पाण्याने तेच काम मिनिटाला सुमारे १७० लिटरमध्ये होतं, कारण तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेपेक्षा साधारण ३,५०० पट उष्णता वाहून नेतं. म्हणून चिपवर कोल्ड प्लेट, रॅकमध्ये मॅनिफोल्ड, रांगेच्या टोकाला पाणी फिरवणारं सीडीयू. सॉफ्टवेअरही त्यामागे आलं: पाइपांचं जाळं एकमितीय गणिताने, हॉलची हवा त्रिमितीय गणिताने, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली. ही जोडणी मला खरोखर आवश्यक वाटते.

कारण पाणी सगळी उष्णता नेत नाही. मेमरी, पॉवर सप्लाय, नेटवर्क यांची काही उष्णता हवेतच पडते, आणि १२० किलोवॅटचा दहावा हिस्साही १२ किलोवॅट होतो, म्हणजे कालपर्यंत ज्याला आम्ही जड रॅक म्हणायचो तेवढा. ‘लिक्विड कूलिंग आहे, मग हवेचं काय बघायचं’ असं म्हणत पीएसी कमी केलेले आराखडे माझ्यापुढे आले आहेत, आणि ते मी परत पाठवले आहेत. अ‍ॅश्रेने २०२१ च्या आवृत्तीत हवेने गार होणाऱ्या दाट यंत्रांसाठी वेगळा वर्ग केला, हवेची शिफारस १८ ते २२ अंशांवर आणून. म्हणजे दाट यंत्रांना लागणारी हवा जास्त गार हवी.

दुसरी गोष्ट वेळेची. सहाव्या मुद्द्यात मिनिटं मोजली, इथे सेकंद. कोल्ड प्लेटमध्ये पाणी मूठभर आणि त्यावरची चिप प्रचंड तापणारी. प्रवाह थांबला तर हॉलच्या हवेने वाट बघण्याचा प्रश्नच नाही. सीडीयूचा एक पंप बंद पडून दुसरा सुरू होईपर्यंत काय होतं, हे या रॅकसाठी मी सगळ्यात आधी चालवते.

आणि एक आनंदाची गोष्ट. या पाण्याचं गार असणं गरजेचं नाही. ४० अंशांच्या आसपासचं पाणी चालणारी यंत्रं असतील, तर नवी मुंबईच्या बहुतेक दिवसांत चिलरविना, नुसत्या पंख्यांच्या ड्राय कूलरने काम भागू शकतं. आमच्या हवामानात हे आधी कधी शक्य नव्हतं. येत्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त उत्सुकता याची आहे.

९. झटपट उत्तराला त्याची हद्द विचारा

गुगलच्या डीपमाइंडने २०१६ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या मशीन लर्निंगने डेटा सेंटरच्या थंडाव्याची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केली. ते सेन्सरच्या जुन्या नोंदींवर शिकलेलं होतं. आता सीएफडीच्या शेकडो निकालांवर शिकवलेली मॉडेलं येत आहेत. २०२२ मध्ये कॅडेन्सने लंडनची फ्युचर फॅसिलिटीज ही या क्षेत्रातली जुनी कंपनी घेतली आणि २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या साथीने पूर्ण डेटा सेंटरचा डिजिटल ट्विन पुढे आणला. वेग अचंबित करणारा आहे, आणि नवा रॅक कुठे ठेवावा असे रोजचे प्रश्न त्याने सोडवावेत.

पण विक्रेत्याला मी एकच विचारते: हे कुठल्या भारापासून कुठल्या भारापर्यंत, किती टाइलच्या रचनांवर, कुठल्या पंख्यांच्या वेगांवर शिकलं? त्या हद्दीत उत्तर चांगलं असतं. हद्दीबाहेर त्याला जेवढी हवा आत येते तेवढीच बाहेर जाते हेही ठाऊक नसतं, ते फक्त आधी पाहिलेल्या आकड्यांची रेघ पुढे ओढतं. दोन पीएसी एकदम बंद, ही स्थिती त्याने पाहिली नसेल तर त्या प्रश्नाला पूर्ण गणितच लावा. नेमका तोच प्रश्न महागाचा असतो.

१०. रंगांची पट्टी बदलू नका

सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राला आपोआप नवी रंगपट्टी देतं. एका चित्रात २४ अंश लाल, दुसऱ्यात ३४. बैठकीत लोक लाल बघून घाबरतात किंवा निळा बघून निर्धास्त होतात. पट्टी एकच ठेवा, १८ ते २७ आणि त्यापुढे वेगळा रंग. हॉलचा आडवा छेद दाखवण्यापेक्षा सर्व्हरची तोंडं दाखवा.

११. मॉडेलला मालक लागतो

हॉल रोज बदलतो. कुणी रॅक आणतं, कुणी टाइल हलवतं, कुणी ब्लँकिंग पॅनेल काढून परत लावत नाही. सहा महिन्यांपूर्वीचं मॉडेल त्या हॉलचं राहिलेलं नसतं. सेन्सर थेट जोडलेले असले तरी कुठली टाइल कुठे आहे हे सेन्सर सांगत नाही, ते माणसाने भरावं लागतं. सॉफ्टवेअरवर मोठा खर्च करून ते बाहेरच्या सल्लागाराच्या संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या. मला ते पटत नाही. मॉडेल फॅसिलिटी टीमच्या हातात हवं, शिफ्टच्या मुलाला ते उघडता यायला हवं, आणि मराठीत, हिंदीत, जमेल तसं त्याला ते समजावून द्यायला आम्ही वेळ काढायला हवा. मी काढते. आयटीआय झालेली मुलं दाबाचं चित्र बघून टाइलची जागा बरोबर सांगतात, कारण त्यांनी ती हाताने उचललेली असते.

ज्या हॉलसाठी मी आता काम करते तिथे नव्या रॅकला वीज देण्याच्या फॉर्मवर मॉडेलचा रकाना आहे. रॅक मॉडेलमध्ये बसवून, शेजाऱ्यांच्या तोंडाशी तापमान तपासून, शिफ्ट इंजिनिअरची सही झाल्याशिवाय ब्रेकर वर जात नाही. लिक्विड कूलिंगचे पहिले रॅक येणार म्हणून त्यात दोन ओळी वाढवल्या: पाण्याचा प्रवाह मिनिटाला किती लिटर, आणि प्रवाह थांबला तर यंत्र स्वतः किती सेकंदांत बंद होतं. पहिला आकडा आला. दुसऱ्यासाठी पुरवठादाराला पत्र गेलंय, आणि तो येईपर्यंत रॅक हॉलमध्ये उभा आहे, वीज न देता.